स्थलांतरित आईचे अंतर्द्वंद्व रंगमंचावर कसे उभे करावे

परक्या देशात संसार थाटलेल्या आईवर नाटक लिहायला बसलेला लेखक बहुधा पहिल्याच प्रवेशात तिच्या तोंडी मायदेशाच्या आठवणींचे लांबलचक स्वगत घालतो आणि नाटक तिथेच अडते. नुसत्या आठवणींनी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येईलही, परंतु त्या आठवणींमुळे तिला काही करणे किंवा टाळणे भाग पडले, तरच तो सावरून बसतो. म्हणून संहितेला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे: ही बाई परत का जात नाही?

‘मुलांसाठी’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. एकट्या माणसाची ओढाताण दोन देशांमधली असते; आईच्या बाबतीत मात्र तिने पत्करलेला देश हा तिच्या मुलाचा स्वतःचा देश झालेला असतो, आणि ती त्याला घेऊन परतली, तर जे परकेपण तिने सोसले तेच ती त्याच्या पदरात टाकणार असते. हा पेच नीट हाती आला, की नव्या देशाला खलनायक ठरवण्याची गरज उरत नाही.

या बाबतीत प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मीडिया’चा अभ्यास अवश्य करावा. इ.स.पू. 431 मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या या नाटकाची नायिका कोल्खिसहून कॉरिंथला आलेली परदेशी आई आहे. पित्याशी द्रोह करून आल्यामुळे तिचे परतीचे दोर कापलेले आहेत, आणि आता नवराही तिला सोडून राजकन्येशी लग्न करतो आहे. ज्याचे आईवडील दोघेही अथेन्सचे नागरिक त्यालाच नागरिकत्व, असा कायदा अथेन्समध्ये इ.स.पू. 451 मध्येच झाला होता, त्यामुळे परदेशी आईच्या मुलांचे स्थान काय, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नव्हते. नवऱ्यावरच्या सूडापोटी ती स्वतःच्या मुलांना मारते, आणि त्याआधीच्या भाषणात तिचा निश्चय एकदा नव्हे, अनेकदा पालटतो. आणि तो पहिल्यांदा ढळतो, तो मुले तिच्याकडे पाहून हसतात तेव्हा. शिकायचे ते हेच: मनातले वळण समोरच्या माणसाच्या एखाद्या साध्या कृतीने घडवावे.

भाषेचा प्रश्न सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत फलदायी आहे. संपूर्ण नाटक मराठीत असेल, तर आई आपल्या भाषेत बोलते तेव्हा तिची मराठी ओघवती, म्हणींनी भरलेली, थोडी तिखटही असावी. परभाषेत बोलताना तीच बाई तोकड्या, तुटक वाक्यांवर यावी. हा संकेत पहिल्या पाच मिनिटांत पक्का करावा आणि पुढे कधीही मोडू नये. दवाखान्यातला एक प्रवेश कल्पून पाहा. अकरा वर्षांचा मुलगा आई आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाषा म्हणून बसला आहे.

आई: सांग त्यांना, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. छातीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.

मुलगा: आई म्हणते, झोप कमी.

आई: (मुलाच्या चेहऱ्याकडे पाहते.) बरं, राहू दे. डोकं दुखतं म्हण.

आपले दुखणे मुलाच्या तोंडून वदवून घ्यायचे तिच्या जिवावर आले आहे. मायदेश हा शब्दही न उच्चारता तिने काय गमावले आणि ती कुणासाठी गप्प बसली, हे इथे दिसते. संस्कृत नाट्यातले जनान्तिक, म्हणजे रंगमंचावरच्या इतरांना ऐकू जात नाही असे मानून एकाशीच केलेले भाषण, अशा घरात रोज घडते. नाटककाराने ते डोळसपणे वापरावे.

दूरध्वनीसाठी संस्कृत नाट्यातल्याच आकाशभाषिताची आठवण ठेवावी. त्या संकेतात नट अदृश्य व्यक्तीला ‘काय म्हणतोस?’ असे विचारून तिचे बोलणे स्वतःच पुन्हा उच्चारतो. इथे ते उच्चारू नये, केवळ आईची बाजू ऐकू यावी. तिकडे मायदेशी तिची स्वतःची आई वारली आहे. ही विचारते, “किती वाजता?” मग बोटांवर तास मोजते आणि मोजता मोजता थबकते, कारण त्या घटकेला ती मुलाच्या शाळेत टाळ्या वाजवत बसली होती, हे मागच्या प्रवेशात आपण पाहिलेले असते. यापुढे संवाद नको. नटीला वेळ द्यावा आणि दिग्दर्शकाने पार्श्वसंगीताचा मोह आवरावा.

नेपथ्याबद्दल थोडक्यात: मायदेशाची खूण म्हणून एकच वस्तू ठेवावी आणि ती रोजच्या वापरातली असावी.

शेवट अनिर्णित ठेवण्याची प्रथा मला या विषयात पळवाट वाटते. दुभंगलेले मन तसेच राहील, पण त्या मनाने एक न फिरणारी कृती करावी. दुहेरी नागरिकत्व न मानणाऱ्या देशातून ती आलेली असेल, तर नव्या नागरिकत्वाचा अर्ज हीच अशी कृती आहे. अर्ज टेबलावर ठेवावा, पेन मुलाने तिच्या हाती द्यावे, आणि सही कोणत्या लिपीत करायची हे तिने तिथेच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ठरवावे.