गावाजवळ आर्ट कॉलेज असेल तर गावाने त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा

आमच्या गावापासून एसटीने वीस मिनिटांवर एक आर्ट कॉलेज आहे. कित्येक वर्षं आम्हाला त्याचं एवढंच माहीत होतं की तिथली पोरं पॅडला क्लिपने कागद लावून एसटी स्टँडवर बसतात आणि येणाजाणाऱ्यांची चित्रं काढतात. आत काय शिकवतात, आपला त्याच्याशी काय संबंध, कुणी कधी विचारलंच नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले, शाळेची कंपाउंडची भिंत रंगवायची होती, त्या निमित्ताने पहिल्यांदा गेटातून आत गेले. तेव्हापासून गावाला त्या कॉलेजचा जो उपयोग झालाय तो बघून वाटतं की ज्यांच्या जवळपास असं कॉलेज आहे त्यांना हे नीट सांगायला पाहिजे, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. फुकटात काय मिळेल असं डोक्यात ठेवून गेलात तर एकदा काहीतरी मिळेल आणि पुढच्या वर्षी तुमचा फोन कुणी उचलणार नाही. पण पोरांना ज्यातून शिकायला मिळेल असं खरं काम घेऊन गेलात तर ते लोक दरवर्षी आपणहून विचारतात, यंदा काय करायचं म्हणून.

जायच्या आधी तिथे कुठले विभाग आहेत ते विचारून घ्या, कारण आर्ट कॉलेज म्हणजे नुसती चित्रं काढणं नाही. पेंटिंगवाले भिंती, चित्रं, पोर्ट्रेट. शिल्पकलेवाले माती, प्लास्टर, पुतळे. अप्लाइड आर्टवाले म्हणजे बोर्ड, लेबल, पोस्टर, लोगो, माहितीपत्रक. काही ठिकाणी टेक्स्टाइल, मेटल, सिरॅमिक, इंटिरियर पण असतं. आणि एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, असेल तर शाळेसाठी सोन्याहून पिवळं, कारण एटीडीच्या मुलांना प्रत्यक्ष शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात, त्यांना शाळा हवीच असते. आमच्या झेडपी शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत, आम्ही नुसतं पत्र दिलं की पाठासाठी आमच्याकडे या, तर पोरांना आठवड्यातून दोन तास चित्रकला मिळायला लागली, तीही दरवेळी नवीन दादा-ताई येऊन काहीतरी वेगळं शिकवणार.

कधी जायचं? प्रवेशाच्या गडबडीत नको आणि सबमिशन, परीक्षेच्या तोंडावर तर अजिबात नको. दिवाळीनंतरचा काळ बरा पडतो. पण त्याआधी वर्षातून एकदा त्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं ते बघून या, तिथे सगळ्यांना जाता येतं, सोबत शाळेतली चार पोरं न्या, सरपंचांना न्या. प्रदर्शन बघितल्यावर लोकांचं बोलणंच बदलतं. आमचे सरपंच आधी म्हणत होते की भिंतीला पांढरा रंग मारला की झालं, प्रदर्शन बघून आल्यावर तेच म्हणाले की ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांजवळ पण काहीतरी करता येईल का विचारा.

शिकणाऱ्या पोरांकडून असं काम होत असतं का असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईत गेल्यावर मान वर करून बघावं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभाईंनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. १८६५ ला तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर जी दगडी शिल्पं दिसतात ती त्यांनी केलेली. सीएसएमटी स्टेशनचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं, त्यावरची पानं, फुलं, पक्षी, प्राणी यांच्या कोरीव कामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे लाखो लोक रोज ज्या इमारतीतून लोकल पकडायला पळतात तिथे शिकणाऱ्या पोरांनी काम केलंय. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला पण प्रिन्सिपल ग्रिफिथ्स आणि जे.जे.च्या विद्यार्थ्यांनीच १८७२ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केल्या. शहराला काम करून मिळालं, पोरांना हात बसवायला मिळाला. गावात भिंत रंगवतानाही हाच हिशोब लागू आहे.

आता भिंतीचं सविस्तर सांगते, कारण सगळे इथूनच सुरू करतात आणि इथेच चुकतात. आमची भिंत ४० फूट लांब आणि ६ फूट उंच. पहिल्या वेळी आम्ही मे महिन्याच्या शेवटी घाईघाईने काम काढलं, जुना चुना तसाच ठेवून त्यावर डिस्टेंपर मारलं आणि पोरांनी तीन दिवस उन्हात उभं राहून सुंदर चित्र काढलं. पाऊस सुरू झाला, गणपतीपर्यंत अर्धी भिंत पोपडे धरून खाली. ज्या मुलीने त्यात मोर काढला होता ती नंतर एकदा आली होती, त्या मोराचा नुसता पिसारा उरला होता, ती काही बोलली नाही पण मला फार लागलं ते. चूक आमची होती, भिंत तयार करून देणं हे गावाचं काम असतं.

दुसऱ्या वेळी दिवाळीनंतर घेतलं. गावातल्या गवंड्याने तारेच्या ब्रशने सगळा चुना खरवडला, भिंत धुतली, आठवडाभर सुकू दिली, भेगा भरल्या, मग एक्स्टीरियर प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर एक्स्टीरियर इमल्शनचा बेस आणि मग चित्र. खर्च जास्त आला, पण ती भिंत आजही उभी आहे चित्रासकट. खालचा दीड फूट पट्टा गेरूच्या रंगाचा ठेवायचा हे कॉलेजच्या सरांनी सुचवलं, कारण पावसात चिखल उडतो आणि पोरं भिंतीला पाय लावून उभी राहतात, तिथे चित्र टिकतच नाही. ही साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नसती.

चित्र काय काढायचं हे पण वरून ठरवू नका. आम्ही यादी करून नेली होती, पृथ्वीचा गोल, कार्टून, सुविचार. सरांनी यादी बाजूला ठेवली आणि आमच्या चौथीच्या पोरांना कागद देऊन सांगितलं की शाळेत येताना वाटेत काय दिसतं ते काढा. पोरांनी उसाची ट्रॉली, नदीवरचा बंधारा, डेअरीसमोरची रांग, म्हसोबाचं झाड असं काय काय काढलं, त्याच्यावरून कॉलेजच्या मुलांनी लांबलचक एकच चित्र जुळवलं. एका इंचाला एक फूट अशा मापाने कागदावर, मग भिंतीवर दोरीला गेरू लावून फटके मारून एकेक फुटाच्या चौकटी, म्हणजे ४० आडव्या आणि ६ उभ्या, आणि एकेक चौकट बघून मोठं करायचं. आमच्या पोरांना चौकटी मोजायला आणि सपाट रंग भरायला दिला. गुणाकार आणि प्रमाण त्या आठवड्यात जेवढं समजलं तेवढं फळ्यावर समजलं नव्हतं असं बाई म्हणाल्या. आणि आपली ट्रॉली भिंतीवर आहे म्हटल्यावर त्या भिंतीवर कुणी थुंकत नाही, पोरंच बघत असतात.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे बचत गट आणि छोटे दुकानदार. माझ्या जाऊबाईंचा गट कांदा-लसूण मसाला करतो. चव एक नंबर, पण लेबल कुणीतरी मोबाइलवर करून दिलेलं, त्यावर मिरचीचा फोटो आणि पाच-सहा तऱ्हेची अक्षरं. अप्लाइडची शेवटच्या वर्षाची चार पोरं आली आणि त्यांनी लेबलला हातच लावला नाही, दोन तास स्वयंपाकघरात बसून नुसते प्रश्न. पाकीट कोण घेतं? दुकानात कुठे ठेवतात? मग ती स्वतः दुकानात जाऊन आली, तर पाकिटं उभी नसतात, दोरीला लटकवलेली असतात आणि खालचा भाग दुसऱ्या पाकिटांनी झाकला जातो, म्हणजे नाव वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पाहिजे. तेल बाहेर झिरपून कागद काळा पडतो हे पण त्यांनीच बघितलं आणि साध्या कागदाऐवजी लॅमिनेशनचं स्टिकर सुचवलं. जुन्या लेबलवर ‘कांदा’चा अनुस्वार छपाईत भरून जायचा. त्यांनी नाव हाताने लिहिलं, जाड, मोकळं, शिरोरेघ थोडी हललेली, जशी आपल्या हातची असते तशी, आणि सगळं दोनच रंगांत बसवलं म्हणजे तालुक्याच्या प्रेसमध्ये स्वस्तात छापता येतं.

असं काम द्यायचं असेल तर तुमच्याकडून काय तयार ठेवायचं ते लिहून ठेवा: एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा नंबर, निव्वळ वजन, किंमत, घटक पदार्थ, पत्ता, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं त्याची तारीख टाकायला मोकळी जागा, शाकाहारी असेल तर चौकोनातला हिरवा ठिपका. आम्ही एफएसएसएआयचा नंबर शेवटच्या दिवशी दिला आणि पोरांना सगळी मागची बाजू परत जुळवावी लागली, असं करू नका. आणि काम संपल्यावर नुसता फोटो घेऊ नका, कोरलची, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरची, ओपन फाईल घ्या, जिच्यात नंतर बदल करता येतात, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बिघडत नाहीत, नाहीतर पुढच्या वर्षी किंमत बदलायला पण त्याच पोरांना शोधत फिरावं लागेल आणि तोवर ती पास होऊन कुठेतरी गेलेली असतात.

गणपतीच्या आधी शिल्पकलेच्या मुलांना बोलवून शाडूच्या मूर्तीचं शिबिर घ्या. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवायची, मूर्ती सात-आठ इंचापेक्षा मोठी नको आणि वाळवायची सावलीत, उन्हात ठेवली की तडे जातात. यात आम्ही एक केलं ते आवर्जून सांगते, गावातल्या कुंभारकाकांनाही शिकवायला बसवलं. पहिल्या दिवशी ते मागे मागे राहत होते की ही शिकलेली मुलं, मी काय सांगू. मग एका मुलीला सोंडेचा पीळ जमेना, काकांनी अंगठा ओला करून एका फटक्यात वळवून दाखवला, सगळी पोरं त्यांच्याभोवती. आता कॉलेजवाले त्यांना मातीकामाचं प्रात्यक्षिक द्यायला बोलावतात आणि मानधन देतात. तसंच, कॉलेजला पोर्ट्रेटसाठी मॉडेल लागतात. आमच्या गल्लीतले एक आजोबा फेटा बांधून हेड स्टडीला बसायला जातात, बसायचे पैसे मिळतात आणि घरी त्यांची तीन पोर्ट्रेट लावलीत. असं कुणाला जमण्यासारखं असेल तर कॉलेजच्या ऑफिसात नाव देऊन ठेवा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणाऱ्या पोरांसाठी दोन-तीन रविवार मागून घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, प्रत्येकी एक बैठक पुरते. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव मार्क मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३, तेवढ्यासाठी तरी पालक पोरांना पाठवतात.

पैशाचं स्पष्ट ठेवा. रंग, ब्रश, माती, छपाई, येण्याजाण्याचं भाडं आणि दोन वेळचं खाणं हे गावाचं. दुकानदाराचं काम असेल, ज्यातून त्याला कमाई होणार, तर पोरांना पैसे द्यायचेच, किती ते आधी बोलून. भिंतीच्या कोपऱ्यात पोरांची नावं, कॉलेजचं नाव आणि वर्ष लिहा. पुढाऱ्यांची नावं मोठी आणि चित्र काढणाऱ्याचं नावच नाही, हे आमच्या शेजारच्या गावात झालं, ती पोरं नाराज होऊन गेली आणि ते बरोबरच होतं. काम पास केल्यावर रोज व्हॉट्सअपवर बदल सांगू नका, गावाच्या वतीने एकाच माणसाने बोलायचं.

आणि एक गोष्ट कुणी कितीही आग्रह केला तरी करू नका, जुनं दगडी देऊळ, दीपमाळ, वेशीची कमान, बारव यांना रंग लावायला सांगू नका. दगडाला ऑइलपेंट मारला की दगडाला श्वास राहत नाही, ओल आत अडकते आणि पापुद्रे सुटतात, परत काढायला गेलं तर नक्षी पण जाते. संरक्षित वास्तू असेल तर परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. उलट पोरांना तिथे स्केचिंगला बोलवा, मोजून, बघून काढलेली दीपमाळेची चित्रं आमच्या ग्रामपंचायतीत फ्रेम करून लावलीत.

पत्र कसं लिहायचं हे बरेच जण विचारतात, आम्ही यंदा दिलेलं तसंच देते, गावाचं नाव तेवढं काढलंय:

‘मा. प्राचार्य यांस, आमच्या गावातील आरोग्य उपकेंद्राची बाहेरील भिंत, लांबी २२ फूट, उंची ७ फूट, पूर्वेकडे तोंड, प्रायमर व बेस मारून तयार आहे, फोटो सोबत जोडला आहे. गरोदर मातांचे लसीकरण व आहार या विषयावर, वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असे चित्र हवे आहे. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत आहे. रंग, साहित्य, एसटी भाडे, चहा-नाश्ता व जेवण ग्रामपंचायत देईल. डिसेंबरमधील आपल्या सोयीचे चार दिवस कळवावेत. पेंटिंग विभागाच्या सरांनी एकदा जागा पाहावी, आशाताई भेटतील व त्यांना बायका काय विचारतात ते सांगतील.’

खाली सरपंचांची सही, शिक्का, आणि फोन नंबर एकच.