पंखे फिरे, पण लाईट लागेना

दर्यापूरकडं आमच्या गावात कम्प्युटरवाला नाई, म्हणून केबिनेट मीच खोललं. तीन आरजीबी म्हणजे रंगीत लाईटवाले पंखे बसवले, फिरायले लागले पण लाईट एकाचीही नाई. दुकानदाराले फोन केला त म्हणे भाऊ मदरबोर्डच गेला असन, बदलून टाका! काय सांगाव बाप्पा.

मंग टॉर्च लावून पाह्यलं. पंख्याच्या दोन वायरी असतात, चार पिनची फिरायसाठी अन् दुसरी लाईटची, ते मी लावलीच नोती. माही तीन पिनवाली, म्हणजे ५ व्होल्टची एआरजीबी (हरेक एलईडीचा रंग वेगळा बदलता येते अशी), मधी एक पिनची जागा रिकामी. बोर्डावर आधी दिसलं १२ व्होल्टचं चार पिनवालं हेडर (वायर खोचायची पिनांची जागा), त्यात कोंबली असती त एलईडी जळलेच असते. ५ व्होल्टवालं खालच्या कोपऱ्यात धुळीत सापडलं. तिन्ही वायरी हबले (एका जागी सगळ्या वायरी जोडायचा डब्बा), हबले एसएमपीएसची, म्हणजे कम्प्युटरले करंट देनाऱ्या डब्याची, साटा नावाची वायर, अन् हबची एक वायर त्या हेडरले. चालू केलं त दोनच पंखे चमकले! तिसऱ्याच्या प्लगात कापसाचा तंतू अडकेल होता, अर्धाच बसला होता तो.

रंग बदलायले ओपनआरजीबी नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, फुकट हाय. पोट्टं रोज हिरवा लावते, मले त निळाच आवडते.