बॅकअपच्या स्क्रिप्टमधला पासवर्ड बाहेर कसा काढायचा

सावदा-रावेर भागातल्या केळी ग्रुपचं ऑफिस घ्या, जळगावची डाळ मिल घ्या, नाहीतर धुळ्यातली पतसंस्था. हिशेब वहीतून डेटाबेसमध्ये गेलाय. कोणाच्या केळीच्या कांदेबागेतून किती क्विंटल माल कापला, भाव काय लागला, पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, सगळं तिथेच. रात्री ऑफिस बंद झालं की एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेली फाइल, आपोआप चालते आणि या सगळ्याचा बॅकअप घेते. ती उघडून पाहिली तर अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला सापडतो, तोही रूट युजरचा, म्हणजे ज्याला सगळे अधिकार असतात त्याचा.

"भाऊ, आपल्या ऑफिसात कोन येनार हाये चोरी कराले?" असं शेठ म्हणतात, आणि ऑफिसापुरतं ते खरंही असेल. पण स्क्रिप्ट ऑफिसात बसून राहत नाही. चोपड्याच्या शाखेला तसाच बॅकअप हवा असतो, म्हणून ती व्हॉट्सॲपवर जाते. काही अडलं की तिचा फोटो काढून जळगावच्या इंजिनिअरला पाठवला जातो. जुना कॉम्प्युटर विकला की त्याच्याबरोबर तीही जाते. स्क्रिप्ट अशी फिरणारच, आणि फिरायला हरकतही नाही. पासवर्ड मात्र तिच्यासोबत फिरता कामा नये.

पुढची कृती लिनक्सवरच्या मायएसक्यूएल या डेटाबेससाठी आहे, कारण छोट्या ऑफिसांत तेच जास्त भेटतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस आणि विंडोज यांचं जिथल्या तिथे सांगितलंय. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.

आधी वेगळा युजर

पासवर्ड कुठे ठेवायचा हे नंतर. त्या पासवर्डाने काय काय उघडतं, हे आधी ठरवा. रूटचा पासवर्ड हाती लागला तर सगळा डेटाबेस पुसता येतो, आणि बॅकअपला तर फक्त वाचायचं असतं. म्हणून बॅकअपसाठी नवा युजर तयार करा. नाव 'दप्तर' ठेवू. 'बॅकअप' हे नाव टाळा, कारण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमध्ये त्या नावाचा सिस्टिम युजर आधीपासून असतो आणि पुढे गोंधळ होतो.

या युजरला तुमच्या डेटाबेसवर सिलेक्ट, शो व्ह्यू आणि ट्रिगर एवढेच अधिकार द्या. ठरावीक वेळी चालणारे इव्हेंट डेटाबेसमध्ये असतील आणि तेही बॅकअपमध्ये हवे असतील तर इव्हेंट हा अधिकार जोडा. टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर मायएसक्यूएलडंपला (बॅकअप म्हणजे डंप काढणाऱ्या आज्ञेला) 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावा, म्हणजे टेबलं लॉक करण्याचा अधिकार द्यावा लागत नाही. मायएसक्यूएल ८.०.२१ पासून डंप घेताना प्रोसेस हा अधिकारही मागितला जातो. तो देण्यापेक्षा 'नो-टेबलस्पेसेस' पर्याय लावा. प्रोसेस मिळालेल्या युजरला इतरांच्या चालू क्वेरी दिसतात, बॅकअपला त्याचं काही काम नाही.

एवढं केलं की या पासवर्डाने कोणी टेबलांतला डेटा पुसू शकत नाही. वाचू मात्र शकतो, आणि त्या टेबलांत शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर असतात. ही माहिती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा ठेवणं ही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे ती माहिती ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने विश्वासाने पासबुकाची झेरॉक्स दिली त्याच्यासाठी एवढं करायलाच हवं.

पासवर्ड लागतोच का?

डेटाबेस आणि स्क्रिप्ट एकाच मशीनवर असतील तर बहुतेक वेळा लागत नाही, आणि हा रस्ता आधी पाहावा असं माझं ठाम मत आहे. लिनक्सवर 'दप्तर' याच नावाचा युजर बनवा. मायएसक्यूएलमध्ये त्याच नावाच्या युजरला पासवर्डाऐवजी 'ऑथ सॉकेट' प्लगइन लावा. मग लॉगिन करणारा कोण आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमच सांगते आणि डेटाबेस ते मानतो. मायएसक्यूएलच्याच जातीच्या मारियाडीबीमध्ये हेच 'युनिक्स सॉकेट' नावाने मिळतं आणि १०.४ पासून ते चालूच असतं. पोस्टग्रेसमध्ये 'पीअर' पद्धत आहे. पासवर्डच नाही म्हटल्यावर तो लपवायचा, बदलायचा किंवा फुटायचा प्रश्न राहत नाही.

लागत असेल तर वेगळी फाइल

डेटाबेस जळगावच्या मुख्य ऑफिसात आणि स्क्रिप्ट रावेरला, असं असेल तर पासवर्ड द्यावाच लागतो. अशा वेळी 'दप्तर' युजरच्या होम फोल्डरमध्ये '.माय.सीएनएफ' नावाची फाइल करा. त्याआधी 'युमास्क ०७७' ही आज्ञा द्या, म्हणजे नवी फाइल जन्मल्यापासूनच इतरांना बंद राहते. फाइलच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंसात 'क्लायंट', दुसऱ्या ओळीत 'युजर=' पुढे युजरचं नाव, तिसऱ्या ओळीत 'पासवर्ड=' पुढे पासवर्ड. पासवर्डात हॅशचं चिन्ह असेल तर पूर्ण पासवर्ड अवतरणचिन्हांत लिहा. नाहीतर हॅशपासून पुढचं सगळं टिप्पणी समजलं जातं आणि अर्धाच पासवर्ड जातो. शेवटी 'सीएचमॉड ६००' (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी परवानगी) देऊन खात्री करा.

इथे मायएसक्यूएलवर विसंबू नका. फाइल कोणालाही लिहिता येत असेल तर तो ती वापरत नाही आणि इशारा देतो. पण कोणालाही वाचता येत असेल तर गप्प राहतो. पोस्टग्रेस याबाबत कडक आहे. त्याच्या '.पीजीपास' फाइलची परवानगी ६०० पेक्षा सैल असली तर तो ती वाचतच नाही. त्या फाइलमध्ये एकाच ओळीत होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड या क्रमाने, मध्ये कोलन देऊन लिहायचं. पासवर्डातच कोलन असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या.

आता स्क्रिप्टमधून पासवर्ड काढून टाका. मायएसक्यूएलडंप होममधली फाइल स्वतःहून वाचतो. फाइल दुसरीकडे ठेवली असेल तर 'डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल' हा पर्याय द्या, आणि तो आज्ञेच्या नावानंतर लगेच, बाकी पर्यायांच्या आधी. मागे लिहिला तर चालत नाही.

स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालवतो तो क्रॉन. त्याची ओळ 'दप्तर' युजरच्याच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे त्याच्या वेळापत्रकात, घाला. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये घातली तर रूटचं होम शोधलं जातं आणि सकाळी लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड' दिसतं. त्या ओळीचा शेवट नीट वाचा. 'यूझिंग पासवर्ड: नो' असेल तर पासवर्ड पाठवलाच गेला नाही, म्हणजे फाइल सापडली नाही. 'येस' असेल तर पासवर्ड गेला, पण तो चुकीचा आहे किंवा त्या युजरला त्या मशीनवरून परवानगी नाही. या एका शब्दाने अर्धी शोधाशोध वाचते.

क्रॉनटॅबमधल्या टक्क्याच्या चिन्हाचंही ध्यानात ठेवा. क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. फाइलच्या नावात तारीख घालताना टक्का येतोच, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्या. ती सगळी जुळवाजुळव स्क्रिप्टच्या आतच ठेवली तर आणखी बरं.

पुढचे उपाय पुरेसे नाहीत

आज्ञेतच पासवर्ड लिहिला तर तो शेलच्या (आज्ञा टाइप करतो त्या खिडकीच्या) इतिहासात राहतो, आणि आज्ञा सुरू होताना क्षणभर का होईना चालू प्रोग्रामांच्या 'पीएस' यादीत दिसू शकतो. 'मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ८.० मध्ये कालबाह्य ठरवला गेलाय, त्याच्या नादी लागू नका. 'मायएसक्यूएल_कॉन्फिग_एडिटर'ने केलेली फाइल गूढ दिसते, पण ते खरं कुलूप नव्हे. ज्याच्याकडे ती फाइल आहे त्याला पासवर्ड काढता येतो. मागून डोकावणाऱ्याला दिसू नये एवढाच तिचा उपयोग. बेस६४ करून, म्हणजे नुसती अक्षरं बदलून, ठेवणं तर त्याहून कच्चं. आणि चूक शोधण्यासाठी स्क्रिप्टमध्ये 'सेट -एक्स' लावला असेल तर काम झाल्यावर काढा, तो प्रत्येक ओळ किमतींसकट लॉगमध्ये ओततो.

विंडोजवर पोस्टग्रेसची फाइल त्या युजरच्या ॲपडेटामधल्या 'पोस्टग्रेएसक्यूएल' फोल्डरमध्ये 'पीजीपास.कॉन्फ' नावाने ठेवतात. मायएसक्यूएलसाठी वरचाच 'डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल' पर्याय चालतो. फाइलच्या सिक्युरिटी टॅबमध्ये वरून आलेल्या परवानग्या बंद करा आणि टास्क शेड्युलर ज्या खात्याने चालतो त्यालाच वाचायची मुभा द्या.

जुना पासवर्ड बदला

नवी व्यवस्था लागली तरी जुना पासवर्ड व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये, पेनड्राइव्हवर, गिटच्या (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या नोंदींत तसाच पडलेला असतो. गिटमध्ये ओळ खोडून नवी नोंद केली तरी जुनी नोंद वाचता येते. म्हणून तो बदलावाच लागतो. आधी फाइलींतला मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप' आज्ञेने शोधून तो आणखी कोणकोणत्या फाइलींत आहे याची यादी करा, बिलिंगचं सॉफ्टवेअर तोच वापरत असण्याची शक्यता मोठी.

हंगामात गाड्या भरणं चालू असताना बिलिंग बंद ठेवता येत नाही. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून त्याला उपाय आहे. युजर बदलण्याच्या आज्ञेत 'रिटेन करंट पासवर्ड' लिहिलं की जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालतात. मग एकेका कॉम्प्युटरवर सावकाश नवा घाला, सगळीकडे झाल्यावर 'डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड' द्या. रूटचा नवा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा. इंजिनिअर नोकरी सोडून पुण्याला गेला म्हणून ऑफिस अडायला नको.

राहता राहिली बॅकअपची फाइल. पासवर्ड कितीही जपला तरी सगळा डेटा तिच्यात उघडाच असतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'युमास्क ०७७' असू द्या. ती फाइल पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर जाणार असेल तर आधी 'जीपीजी' या प्रोग्रामने एन्क्रिप्ट करा, म्हणजे कुलूपबंद करा, आणि ती उघडायची चावी त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलचा आकार बघा, आणि एकदा तरी ती वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहा.