कापूस एका रोजी फुटते का, सर?

शिक्षणसेवक म्हणून पहिल्यांदाच गणिताच्या तासाला उभे राहणार असाल आणि गाव आमच्या यवतमाळ-वाशिमकडचं मिळालं असेल, तर हे तुमच्यासाठी. मी एका खेड्यात सहावी ते आठवीला गणित शिकवतो.

पहिल्याच वर्षी मी फळ्यावर उदाहरण घातलं. एका बाईला शेतातला कापूस वेचायला १२ दिवस लागतात, तर १२ बायांना किती? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "दोन महिने."

"कसे रे?"

"सर, कापूस का एका रोजी फुटते? पहिला वेचा झाला का दुसऱ्याले थांबा लागते. बाया बारा आना का पन्नास आना."

वर्ग खो खो हसला. पण पोरगं खरं तेच सांगत होतं. बोंडं खालच्या फांद्यांपासून वर अशी टप्प्याटप्प्यानं फुटतात. सगळं काम आधीच तयार असलं तरच माणसं वाढली की दिवस कमी होतात. व्यस्त चलनाची ही अट उदाहरणात कुठं लिहिलेली नसते, ती त्यानं हेरली होती. मग आम्ही कापूस सोडला आणि ट्रॉलीतून विटा उतरवायला घेतल्या. सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं. तेव्हापासून फुली मारायच्या आधी मी "कसं काढलं?" एवढं विचारतोच. तुम्हीही विचारा, त्यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

बीजगणितात "एक्सची किंमत काढा" म्हटलं की एक मुलगी दरवेळी अडायची. एकदा धीर करून म्हणाली, "सर, काल एक्सची किंमत ५ होती, आज ७ काहून?" मी तोंड उघडायच्या आत शेजारची बोलली, "भाव बदलते ना बाप्पा! सोयाबीनचा नाई बदलत?" चल म्हणजे काय, हे मला याहून सोपं करून सांगता आलं नसतं. फक्त एक जोडलं: एका गणितापुरता भाव ठरलेला.

दशांश अपूर्णांकात ०.५ पेक्षा ०.२५ मोठा, असं निम्मा वर्ग म्हणेल. पंचवीस पाचापेक्षा मोठे, इतका सरळ हिशेब असतो तो. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आठवायला सांगा: पाव किलोला ०.२५०, अर्ध्याला ०.५००. आणि "शून्य दशांश चिन्ह दोन पाच" असं एकेक अंक सुटा वाचून घ्या, "पंचवीस" म्हणूच देऊ नका.

बहात्तर सांगितल्यावर २७ लिहिणारी मुलं सहावीतही भेटतात. कानाला दोन आधी ऐकू येतो, हात तोच आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जुन्या वाचनाच्या जोडीला "वीस एक, वीस दोन" आलं, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर त्यामागचं कारण सांगत राहिल्या. ज्यानं या मुलांच्या वह्या तपासल्यात त्याला ते कारण पटतं. घरी कोलामी, म्हणजे कोलाम आदिवासींची भाषा, बोलणाऱ्या मुलांना तर मी आजही "सत्तर दोन" म्हणूनच सुरुवात करून देतो.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. ऋण संख्या शिकवताना विचारलं, "३ रुपये घेऊन दुकानात गेला, ८ चा माल घेतला, तर?"

"देत नाई सर. आमची उधारी बंद केली त्यानं."

पोरं हसली. तो मान खाली घालून वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत बसला. त्या दिवसापासून उधारी माझ्या फळ्यावरून गेली. आता विहिरीचा काठ शून्य धरतो, खाली पाणी उणे, वर मोटेचं चाक अधिक. हसू कोणाच्या घरावर उतरतंय हे बघायचं काम आपलं आहे, मुलांचं नाही.

सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याआधीची शेतातली पूजा, झाली की हजेरी घटते. पोट्टे वेचायला जातात. तेव्हा नवा अवघड धडा काढू नका, उजळणी घ्या. रागावू तर अजिबात नका.

शनिवारच्या सकाळच्या शाळेत कापरेकरांचा खेळ घ्या. देवळालीचे हे शाळामास्तर, त्यांनी शोधलेली संख्या ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच; उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य धरा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या, आणि तिथून सुटका नाही. वजाबाकीला कंटाळणारी पोरं पाटीभर वजाबाक्या करतात.

"सर, ह्या आकड्यात चकवा हाय," एक जण म्हणाला. सोमवारी वही घेऊन आला. बापाच्या गाडीचा नंबर, काकाच्या गाडीचा, सरपंचाच्या गाडीचा, सगळे मांडलेले.

"आज्यालेबी बसवलं होतं सर. रात्री दहापर्यंत त्यालेबी चकवा लागला."