कॉम्प्युटरवरनं व्हॉट्सॲपला फोटो, व्हिडिओ, ऑडिओ पाठवताय? या चुका टाळा

दुकानात दिवसातनं दहा वेळा तरी हेच ऐकतो. इकडनं "पाठवलंय की बे, बघ ना" आणि तिकडनं "आलंय, पण उघडेना". मी सोलापुरात अशोक चौकाकडं डीटीपी, फ्लेक्स आणि चादरीच्या जकार्ड डिझाईनचं, म्हणजे कापडात विणूनच काढायच्या नक्षीचं काम करतो, म्हणजे अर्धा दिवस कोरल-फोटोशॉप या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि उरलेला अर्धा व्हॉट्सॲप वेबवर. नेट खराब, मोबाईल खराब, फाईल खराब असं सगळ्यांच्या नावानं बिल फाडून झालं की शेवटी निघतं काय, तर पाठवणाऱ्यानं बटण भलतंच दाबलेलं.

फोटो म्हणून पाठवला का डॉक्युमेंट म्हणून?

निम्म्या तक्रारी इथंच संपतात म्हणून हे जरा निवांत वाचा. चॅटमध्ये खाली जे प्लसचं चिन्ह आहे ते दाबलं की डॉक्युमेंट, फोटो-व्हिडिओ असे वेगवेगळे पर्याय येतात. लोकांना वाटतं दोन्ही एकच, कुठनं पण पाठवा. तसं नाहीये. फोटोच्या पर्यायातनं गेलेला फोटो व्हॉट्सॲप वाटेत दाबून लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि जेपीजी करून टाकतं, म्हणजे नेट कमी लागावं आणि पटकन जावं. घरच्या फोटोला काही फरक पडत नाही. डॉक्युमेंटमधनं गेलेली फाईल मात्र आहे तशी जाते, एक बाईट इकडची तिकडं होत नाही. २०२३ मध्ये एचडीचं बटण आलं त्यानं फोटो बरा जातो, पण तो पण दाबलेलाच असतो हे लक्षात ठेवा. आणि फोल्डरमधनं माऊसनं ओढून चॅटवर टाकलेला फोटो सहसा फोटो म्हणूनच जातो, डॉक्युमेंट म्हणून नाही. ही सवय डिझाईनवाल्यांना पण असते, मला पण होती.

आता हे महागात कसं पडतं ते सांगतो. आमच्याकडं एक कारखानदार अण्णा आहेत, त्यांच्या पोरानं नवीन चादरीचं डिझाईन पाठवलं. जकार्डचं डिझाईन म्हणजे साधं चित्र नसतंय. ती बीएमपी फाईल असते, तिच्यातला एक पिक्सेल म्हणजे कापडात एका जागी उभा धागा वर का आडवा वर एवढा हिशेब, आणि प्रत्येक रंग म्हणजे एक विणकाम. सहा रंग म्हणजे सहाच, सातवा नको. तर या पोरानं काय केलं, ती फाईल पेंटमध्ये उघडली, कंट्रोल ए, कंट्रोल सी, आणि चॅटमध्ये येऊन कंट्रोल व्ही. झालं. उंचीला २४०० पिक्सेल होतं ते १६०० वर आलं आणि जिथं लाल संपून पिवळा सुरू होतो तिथं मधीच गुलाबी, नारंगी, मातकट असल्या शेकडो छटा घुसल्या. डोळ्याला चित्र एकदम झकास दिसायचं, मोरसुद्धा मोरच होता, पण सॉफ्टवेअरमध्ये रंग मोजले तर सहाच्या जागी तीनशेच्या वर. अण्णा म्हणाले, "आता मोराला पिसं मोजून लावतोस काय बे?" मी म्हणलं अण्णा, पोराला म्हणा तीच फाईल डॉक्युमेंटमधनं टाक. दोन मिनिटांचं काम होतं आणि आम्ही अख्खी दुपार त्यात घालवली.

फ्लेक्सचं पण तसंच. जयंतीच्या बॅनरवर टाकायला फोटो पाठवतात, तो आधीच तीन ग्रुपमधनं फिरून आलेला असतो, आणि दहा फुटांवर छापला की साहेबांचं नाक ठोकळ्यासारखं दिसतं. मग शिव्या कुणाला, छापणाऱ्याला. ओरिजिनल ज्याच्या कॅमेऱ्यात आहे त्याच्याकडनंच डॉक्युमेंट म्हणून मागवा, दुसरा उपाय नाही. कोरलची, फोटोशॉपची फाईल तर फोटो म्हणून जाणारच नाही, ती डॉक्युमेंटमधनंच टाकायची, आणि समोरच्याकडं ते सॉफ्टवेअर नसेल तर सोबत एक पीडीएफ पण टाकायची, नाहीतर परत "उघडेना" सुरू.

एक उलटी गोष्ट पण आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या मोबाईलच्या फोटोत तो कुठं काढला त्या जागेची माहिती लपलेली असू शकते, ती पण आहे तशी जाते. फोटो म्हणून पाठवला तर ती गळून पडते. त्यामुळं अनोळखी माणसाला घरातल्या जुन्या सोफ्याचा फोटो पाठवताना दाबलेलाच बरा.

व्हिडिओ: आवाज येतोय, चित्र नाही

लग्नाचा व्हिडिओ, यात्रेतल्या नंदीध्वजांचा व्हिडिओ, कॉम्प्युटरवर मस्त चालतोय आणि मोबाईलवर पाठवला की काळा पडदा आणि नुसता आवाज. इथं लोक फाईलचं नाव बदलून बघतात, शेवटचं एमकेव्ही खोडून एमपीफोर लिहितात. अरे बाबा, डब्यावर शेंगाचटणी लिहिलं म्हणून आतला गूळ चटणी होतोय काय? एमपीफोर हा नुसता डबा आहे, आत चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी या पद्धतीनं भरलेला असला की सगळीकडं चालतं. आत एच.२६५ असलं, जे नव्या मोबाईलचे कॅमेरे बऱ्याचदा वापरतात, तर जुना मोबाईल गडबडतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फास्ट ७२०पी असा तयार पर्याय आहे तो निवडा, फाईल टाका आणि चहा पिऊन या. चालणारा व्हिडिओ पण मिळतो आणि साईज पण आटोक्यात येते.

साईजचं म्हणाल तर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत फाईल जाते, २०२२ पासून, त्याआधी १०० एमबीच जायची. व्हिडिओ म्हणून टाकलात तर मर्यादा खूपच कमी आणि वर दाबून जाणार ते वेगळंच. पण जातंय म्हणून दीड जीबी पाठवूच नका हो, समोरच्या माणसाचा आजचा डेटा त्यातच संपला की तो तुम्हाला फोन करून आशीर्वाद देणार नाही. आधी विचारा.

ऑडिओ

ऑडिओत दोन वेगळे त्रास आहेत आणि लोक दोन्ही एकत्र कालवतात. पहिला, माईकचं बटण दाबलं तर रेकॉर्डच होत नाही, नाहीतर होतं पण मुकं. ब्राउझरला माईकची परवानगी कधीतरी घाईत नाकारलेली असते, पत्त्याच्या पट्टीत डाव्या बाजूला जे छोटं चिन्ह आहे तिथं क्लिक करून मायक्रोफोन चालू करा आणि पान रिफ्रेश करा. तरी नाही झालं तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत माईक बंद आहे का बघा. आणि तरी पण नाही, तर माईक आहे का ते बघा. हसू नका, डेस्कटॉपला वेबकॅम किंवा हेडफोन लावल्याशिवाय बहुतेक वेळा माईक नसतोच, आणि मी स्वतः अर्धा तास सेटिंग शोधत बसलेलो आहे.

दुसरा त्रास, आलेला व्हॉइस मेसेज डाउनलोड केला आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेईना. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज ओजीजी फाईल असते, आत आवाज ओपस नावाच्या पद्धतीनं भरलेला. जुनी सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाहीत. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आर दाबलं की कन्व्हर्टची खिडकी येते, तिथनं एमपीथ्री करून घ्या. रिक्षावरच्या जाहिरातीसाठी आवाज पाठवायचा असेल तर मात्र व्हॉइस मेसेज करूच नका, वेगळं रेकॉर्ड करून फाईल पाठवा, कारण व्हॉइस मेसेजचा आवाज दाबलेला असतो, बोलण्यासाठी ठीक आहे पण भोंग्यावर लावलं की फरक कळतो.

गोल गोल फिरतंय, जातच नाही

सगळ्यात आधी, फाईल जात असताना टॅब बंद करू नका. फाईल त्या टॅबमधनंच वर चढत असते. लोक पाठवा दाबतात, लगेच ब्राउझर बंद, कॉम्प्युटर बंद, आणि घरी जाऊन म्हणतात मी तर पाठवलं होतं. एक टिक आली का बघा, नुसतं घड्याळ असेल तर अजून गेलेलं नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर अपलोडचा स्पीड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळं यूट्यूब छान चालतंय म्हणजे फाईल पण पटकन जाईल असं नाही.

आता एक मजेशीर प्रकार. लाईट गेली, परत आली, कॉम्प्युटर चालू केला आणि व्हॉट्सॲप वेबच उघडेना, ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही. लगेच नेटवाल्याला फोन. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बघा आधी. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की वीज गेल्यावर तारीख कुठल्या कुठं मागं जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं सर्टिफिकेट खोटं वाटतं. तारीख नीट करा, सेल बदला, चाळीस-पन्नास रुपयात काम होतं. मशीनमध्ये अजून विंडोज ७ असेल तर क्रोमचं १०९ हे त्याच्यासाठीचं शेवटचं व्हर्जन होतं, जानेवारी २०२३ मधलं, पुढचं येत नाही, त्यामुळं आज ना उद्या अडणारच.

भलत्याच ग्रुपवर गेलं

कॉम्प्युटरवर हे जास्त होतं कारण डावीकडची यादी सारखी हलत असते. तुम्ही पार्टीच्या नावावर क्लिक करायला जाता आणि तेवढ्यात दुसरा मेसेज येऊन यादी खाली सरकते, क्लिक बसतं मेहुण्यावर. पाठवायच्या आधी वरचं नाव वाचा. गेलंच तर सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण ६० तास मिळतात, पण घाईत 'फक्त माझ्यासाठी' दाबू नका, मग तुमच्याकडनं जातं आणि त्यांच्याकडं राहतं. चुकून दाबलंच तर लगेच अन्डू येतो काही सेकंद, तेवढ्यात तो दाबा.

आलेली फाईल डबल क्लिक करायच्या आधी

फाईलचं शेवटचं एक्स्टेंशन, म्हणजे नावात टिंबानंतरची अक्षरं, दिसलं पाहिजे. विंडोज ते लपवून ठेवतं, फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन चालू करा. लग्नपत्रिका म्हणून एपीके (मोबाईलचं ॲप) आली, फोटो म्हणून ईएक्सई (कॉम्प्युटरचा प्रोग्राम) आली, तर ती पत्रिका पण नाही आणि फोटो पण नाही. एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनंच सांगितलं की विंडोजच्या ॲपमध्ये एक फट होती, फाईल दिसायची एका प्रकारची आणि उघडताना तिच्या एक्स्टेंशनप्रमाणं भलतंच उघडायचं. २.२४५०.६ व्हर्जनपासून ती बुजवली आहे, म्हणून ॲप अपडेट ठेवा.

आणि झेरॉक्सच्या दुकानात, सायबरमध्ये प्रिंट काढायला क्यूआर स्कॅन करून लॉगिन करता ना, ते निघताना काढा. मोबाईलमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडा, जो कॉम्प्युटर तुमचा नाही त्याच्यावर दाबून लॉगआउट. एकाच वेळी चार जोडता येतात आणि मोबाईल १४ दिवस वापरलाच नाही तर ते आपोआप सुटतात, पण मोबाईल तर तुम्ही रोजच वापरता, म्हणजे दुकानातलं सुटतच नाही. काल रात्री शटर ओढायच्या आधी बघितलं तर दोन नंबरच्या मशीनवर कुणाचं तरी चॅट उघडंच, वर घरच्या ग्रुपवर नुकताच आलेला मेसेज, "भाकरी किती टाकू?" मी लॉगआउट केलं आणि लाईट घालवली.