थार, जिम्नीचे टायर बदलताना या चुका टाळा

थार, जिम्नीसारख्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या, गाडीचे मूळ टायर झिजले की बहुतेक मालक आधी नक्षी पाहतात आणि नक्षी जितकी खोल व गाठीदार तितका टायर चांगला, असे ठरवून मोकळे होतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पुण्याहून ताम्हिणी किंवा वरंध घाटाकडे निघालेली गाडी जवळजवळ सगळा प्रवास डांबरावरूनच करते. मड-टेरेन, म्हणजे एमटी टायरच्या मोठ्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त असल्याने रस्त्याला टेकणारे रबर कमी असते आणि भर पावसातल्या घाटात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. त्याच रुंद खाचांमुळे चाक फिरताच चिकट काळी माती झटकली जाते, तर ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायरच्या अरुंद खाचा अशा मातीने बुजतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून पावसाळ्यात रोज काळ्या रानातून शेतावर जाणाऱ्याने एमटी अवश्य घ्यावा. इतरांसाठी मूळ मापाचा एटी हीच योग्य निवड आहे, असे माझे ठाम मत आहे. वाट दगडगोट्यांची असेल, तर नक्षीपेक्षा साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, किती मजबूत आहे ते पाहावे, कारण साइडवॉलला गेलेली चीर पंक्चर काढून भरवशाची दुरुस्त होत नाही.

दुसरी चूक मापाची. जिम्नीच्या १९५/८० आर १५ (रुंदी मिमीत, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) टायरचा व्यास सुमारे ६९३ मिमी असतो. त्याजागी २३५/७५ आर १५ बसवल्यास तो सुमारे ७३३ मिमी होतो. या ४० मिमीतले निम्मेच, म्हणजे २० मिमी, गाडीच्या उंचीत मिळतात. त्या बदल्यात ज्या वेगाला मीटर पूर्वी ८० दाखवत होता, त्याच वेगाला तो आता सुमारे ७६ दाखवतो, खड्या चढावर पहिल्या गिअरची ताकद कमी भासते आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो. मोठी स्टेपनी मागच्या दाराला लावल्यास बिजागऱ्यांवरचा भारही वाढतो. माप बदलायचेच असेल, तर वॉरंटी आणि विम्यावर काय परिणाम होईल हे आधी लेखी विचारून घ्यावे.

खर्च वाचवण्यासाठी दोनच टायर बदलणे साध्या मोटारीत चालून जाते, परंतु फोर-बाय-फोर थार, जिम्नी आणि जुनी जिप्सी यांच्यात मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसल्याने फोर-व्हील-ड्राइव्ह लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. पुढची आणि मागची चाके वेगळ्या व्यासाची असतील, तर त्या फरकाचा ताण गिअरच्या दात्यांवर साठत जातो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्य तितके सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनीलाही आलटून-पालटून वापरात घेतले, तर पाचही टायर सारखे झिजतात.

दुकानात टायरवरची अक्षरे वाचायला कंटाळू नये. ‘९६ एस’ म्हणजे एका टायरची भारक्षमता ७१० किलो आणि वेगमर्यादा ताशी १८० किमी. यातला कोणताही आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा. उत्पादनाच्या तारखेचे ‘२३२४’ हे अंक २०२४ सालचा २३ वा आठवडा सांगतात.

नवे टायर बसवल्यावर विशिष्ट वेगाला स्टेअरिंग थरथरू लागले, तर टायरला दोष देण्यापूर्वी रिमच्या आतली बाजू धुऊन पाहावी, कारण तिथे वाळलेला चिखल बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडवतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी थंड टायरमधली हवा तपासावी, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. त्यानंतरही ओढ कायम राहिली, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. फक्त एका दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या टायरना मात्र हा उपाय लागू नाही. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरमध्येच आहे. एमटीचा घुंघुं आवाज स्वाभाविक असतो, परंतु एटीचा आवाज हळूहळू वाढत असेल, तर ठोकळ्यांच्या कडा असमान झिजत आहेत का ते हाताने चाचपून पाहावे. चिखलासाठी हवा कमी केली असल्यास डांबरावर वेग घेण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, आणि चाके बसवल्यानंतर ५० ते १०० किमी झाले की नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासावेत.