कपाशी पाण्यात उभी राहून सुकते, आधी चर काढा, दुकानात नंतर जा

भाऊ, कानबाई (आपला खानदेशातला श्रावणातला सण) झाल्या, पंधरा-वीस दिवस पावसाने दडी मारली होती, कडक ऊन पडलं, आणि आता सातपुड्याच्या अंगाने रोज संध्याकाळी आभाळ भरून येतंय. कपाशीला सगळ्यात धोक्याची वेळ हीच. बाकीची कामं राहू द्या, आज खालच्या बांधाला जाऊन पाणी निघायला वाट आहे का ते बघा.

मागच्या साली तापीकाठच्या एका काळ्या रानात गेलो होतो. पात्या (कळ्या) आणि बोंडांनी लदलेली कपाशी, एक रात्र जोरात पाऊस, खालचा बांध बंद, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झाडं उकडलेल्या पालकासारखी माना टाकून उभी. शेतकरी म्हणे पाण्यात उभी आहे तरी सुकते कशी? झाड उपटून बुंधा उभा चिरला, आत पांढरा स्वच्छ. तपकिरी रेष असती तर बुरशीची मर, म्हणजे बुरशीने झाड सुकणं, म्हटली असती. ही आकस्मिक मर होती, मुळांचा श्वास कोंडला होता.

मूळसुद्धा आपल्यासारखंच श्वास घेतं. पान उन्हात साखर बनवतं, ती खाली येते, आणि मुळाच्या पेशी ऑक्सिजनवर ती साखर जाळून ताकद काढतात, तिचं नाव एटीपी. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जळला तर साधारण 30 ते 32 एटीपी मिळतात, ऑक्सिजन नसला तर फक्त 2, म्हणजे सोळा आण्यातला एक आणा, आणि वरून मुळात अल्कोहोल साचतं ते वेगळंच. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा जवळपास 10,000 पट हळू सरकतो, त्यात जमीन तापलेली, आणि 10 अंश उष्णता वाढली की श्वसन साधारण दुप्पट होतं, म्हणून मातीत उरलासुरला ऑक्सिजन पटकन संपतो. मग मुळाच्या पेशी पाणी आत घ्यायच्या वाटाच बंद करतात. वर ऊन, बोंडांचा भार, खाली मूळ बंद. झाड तहानेने मरतं, पाण्यात उभं राहून.

म्हणून चर. उताराच्या बाजूला, पाऊस यायच्या आधी, फावड्याने का होईना. दुकानदार हजाराची बाटली देतो, मुळ्या फुटतील म्हणतो, पण पाणी तुंबलेल्या रानात ती ओतून काय होणार, मूळ खातच नाहीये. त्या पैशात चराची मजुरी निघते.

झाडं माना टाकायला लागलीच तर:
- पहिलं पाणी बाहेर काढा.
- 24 ते 48 तासांत कोबाल्ट क्लोराईड 10 पीपीएम फवारणी, म्हणजे 100 लिटरला 1 ग्रॅम, जास्त नको.
- किंवा 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम, झाडाला 100 मिली आळवणी, म्हणजे बुंध्याशी ओतायचं.

उशीर झाला तर यातल्या कशाचाच फारसा उपयोग होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा एक अंदाज, कागदावर कुठे नाही: बुंध्याजवळची मूठभर माती उकरून वास घ्या. गटारीसारखा वास आला तर झाडं अजून हिरवी दिसत असली तरी तुमच्या हातात एखादाच दिवस आहे.

विहिरीचं पाणी देणाऱ्यांनीही ऐका, ताण पडलेल्या कपाशीला भर दुपारी मोकाट पाणी सोडू नका, संध्याकाळी, हलकं, एकाआड एक सरी द्या. रावेर-यावलकडे केळीतही चर मोकळे ठेवा, तिथंही हाच खेळ आहे.

बाकी कामं:
- कोळपणी वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर
- गुलाबी बोंडअळीला एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे)
- रसशोषक किडींना 5 टक्के निंबोळी अर्क

आणि पानं गळाली म्हणून झाडं लगेच उपटू नका. पाणी निघालं की आठ-दहा दिवसांत बरीच झाडं खोडावर नवी फूट काढतात, तोपर्यंत थांबा.